बिभा: पुण्याच्या गच्चीवरून एक अंधुक तारा शोधताना

मागच्या फाल्गुनात भाचीला रात्री गच्चीवर बोलावलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. तिने लावला, थोडा वेळ शोधाशोध केली आणि विचारलं, "मामा, यातला कुठला?"

"बरोबर मधला."

"हा? एवढुसा? आणि याचा ग्रह कुठाय?"

ग्रह दिसत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. शनीची कडी बघायला मिळतील म्हणून ती आली होती आणि मी तिला मीठ सांडल्यासारख्या ठिपक्यांतला एक ठिपका दाखवत होतो. चूक माझीच. अंधुक तारा दाखवायचा तर आधी त्याची गोष्ट सांगावी लागते, नाहीतर समोरच्याला तो ठिपकाच राहतो. म्हणून इथेही गोष्टीपासूनच सुरुवात करतो. शोधायची रीत त्यानंतर.

तारा कोण आहे

यादीतलं त्याचं नाव एचडी ८६०८१. 'एचडी' म्हणजे हेन्री ड्रेपर यादी. ॲनी जंप कॅननबाईंनी वर्णपट, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाचा फोडलेला रंगपट्टा, बघून सव्वादोन लाख तारे वर्गवार लावले, १९१८ ते १९२४ या काळात ती यादी छापली गेली, आणि आपल्या ताऱ्याचा नंबर तिच्यातलाच. पुढे २००६ साली हवाईतल्या केक दुर्बिणीवरून त्याच्याभोवती एक ग्रह असल्याचं कळलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षं झाली, तेव्हा प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव ठेवायला दिला गेला. अट अशी, की तारा त्या देशातून आणि लहान दुर्बिणीतून दिसणारा हवा. भारताच्या वाट्याला हा आला आणि त्याचं नाव ठरलं बिभा.

हे नाव बिभा चौधुरी यांचं. दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतल्या कणांचे माग टिपणाऱ्या या भौतिकशास्त्रज्ञ. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम अडलं. पुढे त्याच पद्धतीने, पण सरस काचा वापरून सेसिल पॉवेल यांनी पायॉन हा अणूहून लहान कण शोधला आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. चौधुरीबाई नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पहिल्या महिला संशोधक म्हणून आल्या. १९९१ साली त्या गेल्या तेव्हा फारसं कुणाला कळलंही नाही. बंगालीतली बिभा म्हणजे आपली विभा, प्रकाश. ग्रहाचं नाव संतमस. संस्कृतात त्याचा अर्थ सगळीकडून दाटलेला काळोख. हे नाव सुचवलं होतं पुण्यातल्याच एका शाळकरी मुलाने. भाचीला हे आधी सांगितलं असतं तर ती एवढी हिरमुसली नसती.

आता ताऱ्याच्या अंगाची माहिती. वर्णपटाच्या वर्गवारीत बिभा एफ-८ वर्गातला, पिवळसर-पांढरा तारा. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ६००० केल्विन, म्हणजे सूर्याहून दोन-अडीचशे अंशांनी जास्त. वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२ पट. सूर्यासारखाच गाभ्यात हायड्रोजन जाळत बसलेला, मध्यमवयीन. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं, आणि सेकंदाला ३१ किलोमीटर वेगाने तो आपल्यापासून लांब चाललाय.

आकाशात तो किती तेजस्वी दिसतो, म्हणजेच त्याची दृश्यप्रत, ८.७. प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी होतं हे नवीन माणसाच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. लख्ख काळ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. बिभा त्या शेवटच्या दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही बारा पट अंधुक, आणि मघेच्या मुख्य ताऱ्यापेक्षा साडेआठशे पट. पण म्हणून त्याला दुबळा समजू नका. त्याची प्रत आणि अंतर यांचं गणित केलं तर त्याचा खरा उजेड सूर्याच्या साधारण तिप्पट निघतो. आपला सूर्य उचलून त्याच्या शेजारी ठेवला तर तो ९.९ प्रतीचा, बिभापेक्षाही मिणमिणता दिसेल. दुर्बिणीतून बिभा बघताना मला नेहमी हे आठवतं: तिथून आपण एवढेसुद्धा दिसत नाही.

संतमस गुरूच्या किमान दीडपट जड आहे. ताऱ्याभोवती एक फेरी तो दोन दिवस सव्वातीन तासांत मारतो. बुध सूर्यापासून जेवढा लांब आहे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतरावर, म्हणजे अक्षरशः चुलीच्या तोंडाशी. हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना सापडलेला नाही. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने मागेपुढे हलतो, आणि वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून त्याचा सुगावा लागला. तेव्हा गच्चीवरून ग्रह दिसण्याची आशा सोडूनच बसायचं.

कधी बघायचा

बिभा ज्या तारकासमूहात आहे त्याचं नाव सेक्सटन्स. मराठी नकाशांत त्याला षडंश म्हणतात. सिंहाच्या पोटाखाली आणि वासुकीच्या पाठीवर, मधल्या ओसाड पट्ट्यात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, बिभाची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे ३.८ अंश. म्हणजे दक्षिणेला आल्यावर तो क्षितिजापासून जवळजवळ ६८ अंशांवर चढतो. ही मोठी सोय. क्षितिजाजवळचा धुरळा आणि शहराचा पिवळट उजेड खालीच राहतो.

पुण्यात तो दक्षिणेला, म्हणजे सर्वांत उंच, केव्हा येतो ते घड्याळाप्रमाणे असं: २० जानेवारीला पहाटे अडीचच्या सुमाराला, २० फेब्रुवारीला रात्री साडेबाराला, २० मार्चला पावणेअकराच्या थोडं आधी, २० एप्रिलला पावणेनऊच्या थोडं आधी. महिन्याला दोन तास अलीकडे येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. मे महिन्याच्या मध्यावर अंधार पडेपर्यंत तो पश्चिमेला कललेला असतो, तरी साठ अंशांच्या आसपास असतो. पुढे पावसाळी ढग. जूननंतर थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत विसरा.

चंद्राचं मात्र बघायलाच हवं, आणि त्यासाठी पंचांग पुरतं. माघी पौर्णिमेला चंद्र मघेच्या आसपासच असतो, म्हणजे बिभाच्या डोक्यावरच दिवा लावून बसतो. होळीच्या पौर्णिमेलाही तेच दुखणं, जरा पुढे सरकलेलं. उलट महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे अमावास्येला टेकलेली. तारा मध्यरात्रीच्या आसपास डोक्याजवळ, घरात जागरण आहेच, साबुदाण्याची खिचडी आहेच. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. दुसरा मुहूर्त पाडव्याच्या आदल्या दोन-तीन रात्री. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या हवेत धुरकट थर असतो, पण एखादा वळीव पडून गेला की त्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं. अशी रात्र वाया घालवू नये. दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी.

कुठून बघायचा

शहरातून दिसतो का? दिसतो, पण दुर्बिणीतून. कोथरूडच्या माझ्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना साडेतीन-चार प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. १०×५० बायनॉक्युलर (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगं) डोळ्याच्या बाहुलीपेक्षा साधारण पन्नास पट उजेड गोळा करतो, म्हणजे सव्वाचार प्रती जास्त. हिशोब केलात तर शहरातून तो आठ-सव्वाआठ प्रतीपर्यंत पोचतो आणि बिभा थोडक्यात हुकतो. तोच बायनॉक्युलर घेऊन पानशेतच्या पुढे, वेल्ह्याच्या किंवा मुळशीच्या बाजूला गेलात आणि त्याला तिवईवर घट्ट बसवलंत, तर बिभा दिसतो. हातात धरून मात्र नाही. हात थरथरतो आणि एवढा बारीक ठिपका त्या थरथरीतच विरून जातो. उत्तरेला नारायणगावच्या पुढे खोडदच्या बाजूलाही आकाश बरं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्या तिथेच आहेत आणि आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण त्याच पट्ट्यात गिरवलीला. त्या संस्थांनी जागा निवडताना विचार केला होता, आपण त्याचा फायदा घ्यावा.

सहा इंची दुर्बीण असेल तर शहर सोडायची गरज नाही. आरशाचा व्यास १५० मिलिमीटर म्हणजे डोळ्याच्या साडेचारशे पट उजेड. गच्चीवरूनही दहाव्या प्रतीपर्यंत सहज जाता येतं. स्वतःची दुर्बीण नसेल तर टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ पासून पुण्यातले हौशी लोक तिथे जमतात. तिथे गेलात तर दुर्बीण धरायची कशी हे शिकवणारं कुणीतरी भेटेल, आणि ते पुस्तक वाचण्यापेक्षा बरं.

गच्चीवर खरा शत्रू आकाशाचा उजेड नसतो, शेजारचा दिवा असतो. आमच्या सोसायटीत टाकीजवळ एक फ्लडलाइट आहे, तो बंद करायला दोन वर्षं विनंत्या केल्या. शेवटी मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकायला लागलो. सावली कुठे पडते ते दिवे लागल्यावर एकदा फिरून बघून ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती सवय एका व्हॉट्सॲप मेसेजने जाते. मोबाइलच्या पडद्यावर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी घडी करून चिकटवा, टॉर्चलाही तसाच.

पहिली रीत: अल्फार्ड आणि चहा

अंधुक तारे शोधायची रूढ पद्धत म्हणजे नकाशा घेऊन एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाणं. ती पुढे सांगतोच. पण पुण्याच्या आकाशात मधले तारे दिसतच नाहीत, उडी मारायची तर पाय ठेवायला दगड नाही. म्हणून मी आधी पृथ्वीला काम करू देतो.

वासुकीत एक ठळक नारिंगी तारा आहे, अल्फार्ड, प्रत २. अरबीत नावाचा अर्थच 'एकटा'. आजूबाजूला तेवढं ठळक काही नाही म्हणून पुण्यातूनही तो चटकन ओळखू येतो: मघेच्या नैऋत्येला, दोन मुठींपेक्षा थोडा जास्त अंतरावर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. आता बघा. बिभा अल्फार्डच्या ४ अंश ५१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तरेला आहे आणि विषुवांशाने, म्हणजे वेळेत मोजलेल्या पूर्व-पश्चिम जागेने, २८ मिनिटं ३१ सेकंद मागे. याचा अर्थ असा, की अल्फार्ड आज ज्या जागी आहे, तिथून बरोबर वर पाच अंशांना थोडं कमी अशा जागी साडेअठ्ठावीस मिनिटांनी बिभा येऊन उभा राहणार. आपण दुर्बीण तिथे रोखून ठेवायची आणि थांबायचं.

डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे फळीच्या घोड्यावर फिरणारी साधी दुर्बीण, या कामाला उत्तम. करायचं ते असं.

दुर्बिणीला सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा. माझी दुर्बीण १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची, २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट वर्धन मिळतं आणि आकाशाचा एक अंशाचा गोल दिसतो. तेवढा हवाच. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडा आणि मोबाइल दुर्बिणीच्या नळीवर रबरबँडने बांधा. त्याने दाखवलेला मूळ आकडा चुकीचा असला तरी बिघडत नाही, आपल्याला फरकाशी देणंघेणं आहे.

अल्फार्ड दक्षिणेला येण्याची वेळ बिभाच्या वेळेच्या आधी अर्धा तास. २० मार्चला साधारण रात्री सव्वादहाच्या आत, २० एप्रिलला आठच्या पुढे. त्या सुमाराला अल्फार्ड गोलाच्या मधोमध आणा, घड्याळ बघा, वहीत वेळ लिहा. ॲपवरचा कोन लिहा. मग नळी फक्त वर उचला, ४.८५ अंश. डावी-उजवीकडे अजिबात नको. दक्षिणेला असताना वर उचलणं म्हणजे शुद्ध उत्तरेला जाणं, दुसऱ्या कुठल्याही दिशेला ही गंमत चालत नाही. नळी उचललीत की हात काढा.

आता चहा प्यायला जा. गंमत नाही करत, खरंच जा, कारण तिथे बसलात तर नळीला हात लागतो. मी एकदा बसलो, वीस मिनिटं धीर धरला आणि मग नीट दिसतंय का म्हणून नेत्रिका पुसायला गेलो. नळी खसकन खाली आली. पुन्हा अल्फार्ड, पुन्हा अर्धा तास, आणि तोवर अल्फार्ड दक्षिणेपासून सरकलेला. त्या रात्री काही जमलं नाही.

पंचविसाव्या मिनिटाला परत या आणि डोळा लावून बसा. गोलात तारे एका बाजूने शिरतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे गोल ओलांडायला तेवढाच वेळ. साडेसव्विसाव्या मिनिटाला बिभा काठातून आत यायला लागतो आणि साडेअठ्ठावीसला मध्याजवळ असतो. अल्फार्ड धरताना दक्षिणरेषेपासून दहा मिनिटं इकडेतिकडे झाली असतील तर वेळेत दोन मिनिटांपर्यंत फरक पडतो, उंचीत जवळजवळ काहीच नाही. म्हणून आधी येऊन बसायचं आणि नंतरही पाच मिनिटं उठायचं नाही.

ज्यांच्याकडे विषुववृत्तीय बैठक, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर फिरणारा घोडा, आहे आणि तिच्यावर अंशांच्या चकत्या आहेत, त्यांना थांबावं लागत नाही: अल्फार्डपासून विषुवांश २८ मिनिटं ३१ सेकंद वाढवा, क्रांती ४ अंश ५१ कला उत्तरेला. पुस्तकातले थेट आकडे चकत्यांवर लावत बसू नका. ते सन २००० चे असतात, आणि पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे आता सरकलेत. फरक मात्र तेवढाच राहतो.

दुसरी रीत: काळ्या आकाशात, नकाशावरून

वेल्ह्याच्या बाजूला गेलात तर बायनॉक्युलरने ही रीत वापरा. चटईवर आडवे व्हा. मघा इथे ८३ अंशांवर असते, उभ्याने बघाल तर दुसऱ्या दिवशी मान धरेल.

सिंहाच्या आयाळीचा विळा शोधा. त्याच्या मुठीशी मघा. तिथून सरळ दक्षिणेला सव्वा मूठ उतरा: तिथे षडंशातला सर्वांत ठळक तारा, अल्फा, प्रत ४.५. 'सर्वांत ठळक' एवढाच! हा जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर आहे. दुसरा तारा गॅमा, प्रत ५, अल्फार्डच्या पूर्वेला सहा अंशांवर. दक्षिणेकडे पाय करून झोपलात तर अल्फा वर डावीकडे, गॅमा खाली उजवीकडे, मध्ये साडेआठ अंशांचं अंतर. या दोघांना जोडणारी रेषा मनात ओढा. रेषेच्या मध्यापासून जरा उजवीकडे, अंशभराहून किंचित जास्त, तिथे बिभा. अल्फा आणि गॅमा दोघांपासूनही तो साडेचार अंशांच्या आसपास, म्हणजे एक चपटा समद्विभुज त्रिकोण. १०×५० चा गोल साडेसहा अंशांचा असतो, त्यामुळे अल्फाला वरच्या डाव्या काठाला ढकललं की बिभा गोलात येतो.

तोच तारा आहे कशावरून

इथे सगळेच फसतात. मीही फसलो. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत वहीत 'बिभा दिसला' लिहून तारीख टाकली होती. पंधरा दिवसांनी वहीतलं चित्र नकाशाशी ताडलं तेव्हा लक्षात आलं, मी भलत्याच ताऱ्यावर खूश झालो होतो. आठव्या-नवव्या प्रतीच्या ताऱ्यांना चेहरा नसतो. ओळख पटते ती शेजाऱ्यांवरून.

स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात एचडी ८६०८१ शोधा आणि तुमच्या नेत्रिकेएवढा एक अंशाचा गोल काढा. दहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवायला सांगा, पुढचे नकोत, नाहीतर पडदा भरून जातो. हे चित्र संध्याकाळीच कागदावर उतरवा. मग दुर्बिणीत जे दिसतं ते या चित्राकडे न बघता वेगळ्या कागदावर काढा आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवा. नकाशा हातात धरून बघितलं की डोळा नकाशातलंच बघतो, हा माझा अनुभव आहे.

आता उलटसुलटाचा घोळ. आरशाच्या दुर्बिणीत चित्र अर्धी फेरी फिरलेलं दिसतं, तेव्हा नकाशा उलटा धरला की जुळतं. भिंगाच्या दुर्बिणीला मान न मोडण्यासाठी काटकोनी आरसा लावलेला असेल तर चित्र आरशातल्यासारखं, डावं-उजवं बदललेलं. नकाशा कितीही फिरवा, जुळणार नाही. माझी पहिल्या वर्षीची चूक हीच होती, तेव्हा माझ्याकडे भिंगाची दुर्बीण होती. स्टेलॅरियममध्ये चित्र आडवं उलटायची सोय आहे, ती वापरा. आणि दिशा कळत नसेल तर मोटर नसलेली दुर्बीण सोडून बघा: तारे ज्या काठाकडे सरकतात ती पश्चिम.

तारा आहे असं वाटतंय पण ठरत नाही, असं झालं तर त्याच्याकडे सरळ बघू नका. नजर थोडी बाजूला ठेवा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त जागा असतो. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली तर हलणारा ठिपका आणखी पटकन जाणवतो.

पिवळसर-पांढरा, मग दिसत का नाही तसा?

कारण एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. बिभा दुर्बिणीत करडा दिसतो आणि ज्याला तो पिवळा दिसला त्याला तो आधी वाचल्यामुळे दिसला. रंगाचं हे नाव वर्णपटावरून आलंय. एफ वर्गाचा रंग खरोखर डोळ्यांनी बघायचा तर त्याच रात्री पश्चिमेकडे बघा: प्रश्वा, मृगाच्या डावीकडे वर. तो एफ-५ वर्गाचा, फक्त साडेअकरा प्रकाशवर्षांवर. त्याच्यात आणि शेजारच्या निळसर-पांढऱ्या व्याधात फरक दिसतो का ते दोन-तीनदा नजर फिरवून ठरवा. आपला ध्रुवही एफ वर्गातलाच, पण तो महाकाय. पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंशांवर, धुरळ्यातून लालसर झालेला, त्यामुळे त्याच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

कॅमेऱ्याला मात्र रंग कळतो. ५० मिलिमीटरचं लेन्स, तिवई, आयएसओ १६०० ते ३२००, चार सेकंद. यापेक्षा जास्त वेळ ठेवलात तर ताऱ्यांच्या रेघा होतात. असे वीस-तीस फोटो काढून एकत्र केले की काळ्या आकाशातून बिभा येतो. मग फोकस जाणूनबुजून किंचित बिघडवून पुन्हा काढा. तारा थोडा पसरला की रंग जळून पांढरा पडत नाही: अल्फार्ड नारिंगी, अल्फा पांढरा, आणि ठाऊक असल्यावर शोधता येईल असा बिभा, मधला.

या तारकासमूहाची एक गोष्ट मला विशेष आवडते. डान्झिगच्या हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाच्या वेधशाळेला १६७९ साली आग लागली, त्यात त्याचं आकाशात दोन ताऱ्यांमधला कोन मोजायचं यंत्र, सेक्सटंट, जळालं. पुढे नकाशे काढताना त्याने सिंहाखालच्या या ओसाड जागेत त्या यंत्राला बसवून टाकलं. साल साधारण १६८७. आज आपल्या डोळ्यात शिरणारा बिभाचा उजेड निघाला तोही त्याच सुमाराला. इकडे तेव्हा संभाजी महाराज गादीवर होते.

नळी हलवण्याआधी

तारा सापडला आणि वहीत टिपला असेल, तर लगेच आवरू नका. षडंशातच एक दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचं प्रचंड बेट, आहे, एनजीसी ३११५, चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवर. गॅमा तारा मधोमध धरायचा, नळी अंशाच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त वर उचलायची, आणि पावणेतेरा मिनिटं थांबायचं. शहरातून पुसट डाग दिसेल, वेल्ह्यातून चाती.

भाचीला यंदा महाशिवरात्रीला बोलावलंय. तिने आधीच विचारून ठेवलंय, चहाऐवजी कॉफी चालेल का, आणि अठ्ठावीस मिनिटं मोजायला तिचा मोबाइल वापरायचा की माझा. माझा नळीला बांधलेला असेल, म्हटलं. तिच्या मोबाइलला लाल कागद लावायला मात्र ती अजून तयार नाही.